जुन्या बेसबॉल कार्डांची किंमत नेमकी कशावर ठरते?

हिंदूकॉलनीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे मामा बरीच वर्षे न्यू जर्सीत नोकरीला होते आणि १९९२ मध्ये निवृत्त होऊन दादरला परतले. गेल्या वर्षी ते वारले. घर आवरताना मामींनी माळ्यावरून डॅनिश बिस्किटांचा एक निळा गोल डबा काढून माझ्या हाती दिला. अशा डब्यांत आपल्याकडे सुईदोरा आणि बटणेच असायची, त्यामुळे मी फारशी उत्सुकता न दाखवता तो उघडला, तर आत रबरबँडने बांधलेली साधारण साडेचारशे बेसबॉलची कार्डे (खेळाडूंची चित्रे छापलेली) निघाली. त्यांतली निम्म्याहून अधिक टॉप्स कंपनीची, १९८७ सालची, लाकडाच्या फळीसारखी किनार असलेली आहेत. बाकीची डॉनरस आणि फ्लीअरची, आणि थोडी १९८९ च्या अप्पर डेकची, ज्यांत केन ग्रिफी ज्युनिअर या खेळाडूचे संचातले १ क्रमांकाचे कार्ड आहे. शिवाय मिकी मँटल या खेळाडूचे एक सुटे कार्ड आहे, ज्याची धाटणी १९५२ च्या संचासारखी दिसते.

या शेवटच्या कार्डामुळे घरात खळबळ उडाली आहे. माझ्या मावसभावाने २०२२ सालची एक बातमी दाखवली, ज्यात असेच कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपयांना विकले गेल्याचे लिहिले आहे. याउलट फोर्टमध्ये जुनी नाणी व तिकिटे विकणाऱ्या एका गृहस्थांनी सगळा डबा वरवर चाळून सरसकट तीन हजार रुपये देऊ केले. शंभर कोटी आणि तीन हजार यांच्या मध्ये बरीच जागा आहे. मला विकण्याची घाई नाही, परंतु अशा कार्डाची किंमत वयावर ठरते, खेळाडूवर, दुर्मिळतेवर की अवस्थेवर, आणि यांपैकी कशाचे वजन किती, हे समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जर्सीहूनपरत

आपल्या मामांप्रमाणे मीही तिकडे बावीस वर्षे काढून मुलुंडला परत आलो आहे आणि माझ्या मुलामुळे या छंदात बरेच पैसे घालवले आहेत, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

वयाचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. कार्ड जुने असले म्हणजे महाग, ही समजूत जितकी सार्वत्रिक तितकीच चुकीची आहे. जुन्या कार्डांपैकी काही महाग आहेत ती ती टिकली नाहीत म्हणून. विसाव्या शतकाच्या आरंभी ही कार्डे सिगारेटच्या पाकिटात येत आणि पाकीट ताठ राहावे हा त्यांचा एक उपयोग असे. पुढे ती बबलगमसोबत येऊ लागली आणि मुलांच्या हातात गेली. मुलांनी ती खिशात कोंबली, भिंतीवर आपटून जिंकली-हरली, सायकलच्या चाकात फडफड आवाज यावा म्हणून चिमट्याने लावली, आणि मुले कॉलेजात गेल्यावर आयांनी उरलेली कचऱ्यात टाकली. आपल्या मामांच्या पिढीतल्या प्रत्येक अमेरिकन सहकाऱ्याकडे ‘माझ्या आईने माझी कार्डे फेकली नसती तर’ अशी एक गोष्ट असे. जी थोडी वाचली त्यांवर आजचा बाजार उभा आहे.

आता आपल्या डब्याकडे येऊ, आणि ही बातमी फारशी आनंदाची नाही. १९५६ मध्ये टॉप्सने बोमन या प्रतिस्पर्धी कंपनीला विकत घेतले आणि त्यानंतर जवळजवळ पाव शतक मैदान टॉप्सचेच होते. १९८० मध्ये फ्लीअरने न्यायालयात ही मक्तेदारी मोडली आणि १९८१ पासून फ्लीअर व डॉनरस दोघेही बाजारात उतरले. नेमक्या त्याच दशकात जुन्या कार्डांना मिळणाऱ्या किमती वर्तमानपत्रांत झळकू लागल्या, आणि मोठ्या माणसांनी ही कार्डे गुंतवणूक म्हणून पेट्यांनी घेऊन न उघडता ठेवायला सुरुवात केली. कंपन्यांनी मागणी पाहून अफाट छापले. १९८० च्या उत्तरार्धापासून १९९० च्या सुरुवातीपर्यंतच्या या काळाला तिकडचे संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात, कारण मेणकागदाच्या पुडीत आलेला हा माल आता जवळपास रद्दीच्या भावाने जातो. गंमत अशी की कार्डे कधीच इतकी जपली गेली नव्हती, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे ती कधीच दुर्मिळ झाली नाहीत. १९८७ च्या टॉप्सचा ७९२ कार्डांचा संपूर्ण संच आज वीस-तीस डॉलरला सहज मिळतो. त्या लाकडी किनारीच्या कार्डांत बॅरी बाँड्स आणि मार्क मॅग्वायर यांची कार्डे आहेत का ते मात्र पाहा.

या दोन नावांवरून खेळाडूचा मुद्दा निघतो. खेळाडू मोठा असणे आवश्यक आहे, पण आकड्यांनी मोठा असणे पुरेसे नाही. बाँड्सने ७६२ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले, आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. मॅग्वायरने १९९८ च्या एका हंगामात ७० होमरन मारले, तेव्हा त्याचे १९८५ चे टॉप्स कार्ड, ज्यात तो अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाच्या पोशाखात आहे, रातोरात चढले. पुढे उत्तेजक द्रव्यांचे प्रकरण उघडकीस आले, २०१० मध्ये मॅग्वायरने स्वतः कबुली दिली, दोघांनाही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, प्रवेश मिळाला नाही आणि कार्डेही बसली. उलट ग्रिफीच्या नावाला डाग लागला नाही आणि २०१६ मध्ये तो ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून गेला. म्हणून आपल्या डब्यात मला खरा रस आहे तो ग्रिफीच्या कार्डात. ते त्याचे पदार्पणाच्या वर्षाचे, म्हणजे रुकी कार्ड आहे, आणि रुकी कार्डाला इतर वर्षांच्या कार्डांपेक्षा नेहमीच जास्त मान असतो. कार्ड छापले तेव्हा तो मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता. छायाचित्र खालच्या लीगमधल्या संघाचे होते आणि त्याच्या डोक्यावरच्या टोपीला नंतर सिॲटल मॅरिनर्सचा रंग चढवला गेला. एकोणीस वर्षांच्या पोराला नव्या कंपनीने आपल्या पहिल्याच संचात पहिला क्रमांक दिला आणि तो जुगार लागला. पण हेही कार्ड भरपूर छापले गेले आहे, हे विसरू नका.

मँटलच्या कार्डाबद्दल मी मुद्दामच काही लिहीत नाही. या मंडळात छपाईतले एक गृहस्थ आहेत, त्यांनी बोलावे.

वडाळ्याचा छापखाना

बोलावणे आले म्हणून लिहितो. मला बेसबॉलमधले काहीही कळत नाही, पण चाळीस वर्षे ऑफसेट छपाई आणि कटिंग केले आहे.

मँटलच्या कार्डावर फूटपट्टी ठेवा. १९५२ चे मूळ टॉप्स कार्ड २ पूर्णांक ५/८ इंच रुंद आणि ३ पूर्णांक ३/४ इंच उंच, म्हणजे अंदाजे ६७ बाय ९५ मिलिमीटर होते. आजचा अडीच बाय साडेतीन इंचाचा आकार टॉप्सने १९५७ पासून स्वीकारला. १९८३ मध्ये टॉप्सनेच १९५२ च्या संचाचे पुनर्मुद्रण केले आणि ते आजच्या लहान आकारात केले. त्यामुळे आपले कार्ड जर ६३ बाय ८९ च्या आसपास भरले, तर ते डब्यातल्या इतर कार्डांइतकेच मोठे आहे आणि प्रश्न तिथेच मिटला. मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरांत पुनर्मुद्रणाचा उल्लेखही सापडेल.

माप मूळ कार्डाचे निघाले, तरी लगेच पेढे वाटू नका. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या (छापखान्याच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळेल) आणि नावाची अक्षरे व काळी रेघ पाहा. मूळ छपाईत चित्र ठिपक्यांचे असते, पण अक्षरे आणि रेघा भरीव शाईच्या, कारण त्या वेगळ्या काढून प्लेटवर घेतलेल्या असतात. कोणी नंतर अख्खे कार्ड स्कॅन करून छापले असेल, तर अक्षरांच्या पोटातही चार रंगांचे ठिपके दिसतात आणि कडा फुटलेल्या वाटतात. हे पाहायला शिकण्यासाठी आपल्याकडच्याच १९८७ च्या कार्डांवर आधी सराव करा. त्यांची नक्कल करण्याचा त्रास कोणी घेतलेला नाही.

ग्रिफीच्या कार्डाबद्दलही एक धंद्यातली गोष्ट सांगतो. संचातला एक नंबरचा नग तावाच्या कोपऱ्यात बसतो. ताव उचलताना, रचताना, गाडीत चढवताना पहिला मार कोपऱ्याला बसतो, आणि कटिंगमध्ये ताव जरा सरकला तर सर्वांत जास्त वाकडा निघतो तोही कोपऱ्यातलाच. मी ते कार्ड पाहिलेले नाही, पण ज्या कार्डाचे चारही कोपरे धारदार आहेत आणि चित्र मधोमध आहे अशी प्रत कमी निघाली असणार, हे मी डोळे मिटून सांगेन. अवस्थेला किंमत का येते याचे निम्मे उत्तर यात आहे. मालकाने कार्ड किती जपले हा भाग नंतरचा. कार्ड पुडीत पडण्याआधीच त्याचे बरेच काही ठरलेले असते.

आणि कृपा करून कडा साफ दिसाव्यात म्हणून घरी कटरने काही कापू नका. कापलेली कड ओळखू येते. यंत्राच्या पात्याने कापलेल्या कडेला धागे किंचित एका दिशेने दाबलेले असतात, हातकटरची कड वेगळी चमकते, आणि मापात अर्धा मिलिमीटर जातोच.

तिकीटवेडा

छापखानेवाल्यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पुरवणी म्हणून जगातल्या सर्वांत गाजलेल्या बेसबॉल कार्डाची कथा सांगणे भाग आहे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या संचात, ज्याला संग्राहक टी-२०६ म्हणतात, पिट्सबर्गचा खेळाडू होनस वॅग्नर याचे कार्ड फार थोडे छापून थांबवले गेले. मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला मान्य नव्हते असे काही म्हणतात, मोबदल्यावरून बिनसले असेही म्हणतात. आज त्याच्या पन्नास-साठ प्रती ज्ञात आहेत. त्यांतली सर्वांत देखणी प्रत १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. पीएसए या श्रेणी देणाऱ्या संस्थेने पहिलेच प्रमाणपत्र या प्रतीला दिले आणि दहापैकी आठ गुण दिले. २००७ मध्ये ती २८ लाख डॉलरला गेली. आणि २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की त्याने फार पूर्वी त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या.

मात्र जर्सीकरांच्या विवेचनाशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे. त्यांनी सगळा भर टिकून राहिलेल्या प्रतींच्या कमतरतेवर दिला. मी तिकिटांचा माणूस आहे आणि माझ्या अनुभवात दुर्मिळता ही किमतीची अट आहे, कारण नव्हे. माझ्या कपाटात अशी काही संस्थानी तिकिटे आहेत की ज्यांच्या प्रती वॅग्नरपेक्षाही कमी असतील, पण ती मागणारी माणसे मुंबईत चार आणि पुण्यात दोन आहेत, त्यामुळे त्यांना भाव नाही. याच्या उलट १९४८ च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ अशी छाप मारलेल्या प्रतींची गोष्ट. त्या गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी फक्त शंभर संचांपुरत्या छापल्या गेल्या. ते तिकीट महाग आहे, कारण शंभर प्रतींच्या मागे गांधीजी आहेत, स्वातंत्र्याचे पहिले वर्ष आहे आणि जगभरचे भारतीय तिकिटांचे संग्राहक आहेत.

आणि मँटलचेच उदाहरण घ्या. १९५२ च्या संचातली ३११ ते ४०७ क्रमांकांची शेवटची मालिका हंगाम सरत आल्यावर बाजारात आली, तोवर मुले फुटबॉलकडे वळली होती, माल पडून राहिला, आणि टॉप्सच्या साय बर्जर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे १९६० च्या सुमारास उरलेल्या पेट्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडवल्या गेल्या. ही कथा सगळे सांगतात. जे सांगत नाहीत ते असे की मँटलचे ३११ क्रमांकाचे कार्ड छपाईच्या तावावर दोनदा होते, म्हणजे त्याच मालिकेतल्या बहुतेक खेळाडूंपेक्षा त्याच्या प्रती दुप्पट निघाल्या. ते त्याचे रुकी कार्डही नाही, कारण त्याचे रुकी कार्ड १९५१ च्या बोमनच्या संचातले आहे. अर्थात दुर्मिळता आणि पदार्पण या दोन्ही कसोट्यांवर ते मागे पडते. तरीही किंमत त्यालाच, आणि त्याच संचातल्या विली मेजच्या कार्डाहून कितीतरी अधिक, जरी मेज हा अधिक चांगला खेळाडू होता असे मानणारे पुष्कळ आहेत. का, तर मँटल न्यू यॉर्क यँकीजचा होता, टेलिव्हिजन घरोघरी येत होता तेव्हा तो जिंकत होता, आणि ज्या पिढीने त्याला लहानपणी पाहिले तिच्या हातात पुढे पैसा आला. आपल्याकडे शिवाजी पार्कच्या मैदानावर लहानाचा मोठा झालेला माणूस कोणाच्या बॅटसाठी बोली लावेल, याचा अंदाज बांधायला आकडेवारी लागत नाही.

राहता राहिली फोर्टमधल्या गृहस्थांची बोली. त्यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. साडेचारशे कार्डे एकेक करून विकायची, त्यांचे फोटो काढायचे, परदेशी टपाल करायचे, याचा हिशेब मांडला तर त्यांना त्यात काही उरले असते का, याची शंकाच आहे.

हिंदूकॉलनीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवणानंतर मावसभावाला समोर बसवून फूटपट्टी लावली. मँटलचे कार्ड साडेत्रेसष्ट बाय एकोणनव्वद मिलिमीटर भरले आणि मागे पुनर्मुद्रणाची ओळही आहे, जी इतके दिवस आम्ही चष्म्याशिवाय वाचली नव्हती. मावसभाऊ लवकर घरी गेला.

बाँड्स सापडला. मॅग्वायरही सापडला, पण तो लॅमिनेट केलेला आहे. मामींना विचारले तेव्हा कळले की पावसाळ्यात कार्डे ओलसर झाली म्हणून त्यांनी १९९६ च्या सुमारास स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून ‘चांगल्यातली’ तीन कार्डे लॅमिनेट करून आणली होती. मामांनी त्यावर काय म्हटले ते त्यांना आठवत नाही.

ग्रिफीचे कार्ड लॅमिनेशनमधून वाचले आहे. भिंगाखाली पाहिले तर तीन कोपरे टोकदार आहेत आणि वरच्या डाव्या कोपऱ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढुरका भाग आहे. मागचा होलोग्राम शाबूत आहे. याला श्रेणी मिळवण्यासाठी पाठवावे का? आणि आजचा भाव खात्रीने कोठे पाहावा? एका संकेतस्थळावर याच कार्डाला शंभर डॉलरपासून पाच हजार डॉलरपर्यंत किमती लावलेल्या दिसतात.

जर्सीहूनपरत

तिकीटवेडा यांचा आक्षेप मान्य. मँटलचे कार्ड दोनदा छापले गेल्याची गोष्ट मला ठाऊक होती, पण लिहिताना ती माझ्या युक्तिवादाच्या आड येत होती म्हणून सोयीस्करपणे विसरलो असेन.

भावाबद्दल एकच नियम पाळा. लावलेली किंमत पाहू नका, झालेली विक्री पाहा. ईबेवर विकल्या गेलेल्या मालाची वेगळी यादी निवडता येते, आणि त्याच अवस्थेच्या प्रतींचे गेल्या दोन-तीन महिन्यांतले दहा-बारा व्यवहार पाहिले की खरा आकडा समोर येतो. मोठ्या लिलावांच्या बातम्यांतला आकडा तर आणखी फसवा असतो, कारण त्यात खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेले शुल्कही मिळवलेले असते. मँटलच्या १ कोटी २६ लाखांतही ते होते.

श्रेणीचा मुद्दा जरा नीट समजून घ्या. १९९१ मध्ये पीएसए सुरू झाली, पुढे एसजीसी आणि बेकेट यांनीही हे काम सुरू केले. ते कार्ड तपासून एक ते दहा गुण देतात आणि पारदर्शक कडक डबीत कायमचे बंद करतात. चार गोष्टी पाहतात: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही. यातून खरा बदल असा झाला की न्यू जर्सीतल्या माणसाला टोकियोतल्या माणसाचे कार्ड न पाहता घेता येऊ लागले. दुसरा बदल असा की या संस्था कोणत्या कार्डाच्या किती प्रतींना कोणती श्रेणी दिली याची मोजदाद प्रसिद्ध करतात, त्यामुळे ‘दुर्मिळ’ या शब्दामागे आता आकडा असतो. १९५२ च्या मँटलला पीएसएने दहापैकी दहा दिलेल्या प्रती फक्त तीन आहेत. विक्रमी किमतीला गेलेली प्रत एसजीसीची साडेनऊ होती, आणि तेच कार्ड एक श्रेणीत असेल, घड्या पडलेले आणि कोपरे गोल झालेले, तर त्या रकमेच्या शंभराव्या हिश्शालाही पोचत नाही. पण हा नियम सरसकट लावू नका. वॅग्नरची जी प्रत २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली तिची श्रेणी दहापैकी दोन होती. प्रती पन्नास आणि मागणारे हजारो, अशा ठिकाणी सुरकुती कोणी मोजत नाही. जिथे प्रती हजारोंनी पडल्या आहेत तिथे मात्र किमतीचा जवळजवळ सगळा फरक अवस्थेतूनच येतो.

आपले ग्रिफी या दुसऱ्या वर्गातले आहे. दहा श्रेणीची प्रत हजार डॉलरच्या पुढे जाते. डबीबाहेरची साधी प्रत बहुधा शंभराच्या आतच राहते. पांढुरका कोपरा असताना दहा मिळणार नाहीत, नऊही कठीण वाटतात, आणि आठ मिळाले तर श्रेणीचे शुल्क, दोन्ही बाजूंचे टपाल, विमा व परत येताना कस्टमची कटकट धरून हाती काही उरणार नाही. मी आपल्या जागी असतो तर पाठवले नसते.

भाव स्थिर नसतो हेही लक्षात असू द्या. करोनाच्या काळात लोक घरी बसले आणि कार्डांचा बाजार असा उसळला की २०२१ मध्ये पीएसएला बहुतेक सेवा काही महिने बंद ठेवाव्या लागल्या, एवढी पार्सले साचली होती. बास्केटबॉलमधले उदाहरण देतो. मायकेल जॉर्डनचे १९८६ चे फ्लीअर कार्ड, दहा श्रेणीचे, त्या वर्षी जानेवारीत ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले आणि त्याच वर्षात निम्म्याहून खाली आले. कार्ड तेच, खेळाडू तोच, अवस्था तीच.

कांजूरचा नवशिका

ज्येष्ठांच्या चर्चेत नव्या कार्डांचा उल्लेख राहिला म्हणून थोडक्यात लिहितो. आजच्या कंपन्यांनी १९८७ ची चूक ओळखून दुर्मिळता कारखान्यातच तयार करायला सुरुवात केली. एकाच कार्डाच्या वेगवेगळ्या रंगांच्या आवृत्त्या काढतात आणि त्यांवर क्रमांक छापतात, जसे की पन्नासपैकी सतरावे, आणि सर्वांत वरची आवृत्ती एकाच प्रतीची. माइक ट्राउटचे २००९ चे असे एकमेव सहीचे कार्ड २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरला गेले. पॉल स्कीन्स या गोलंदाजाचे (त्यांच्याकडे पिचर म्हणतात, पण काम तेच), पदार्पणाच्या सामन्यातल्या पोशाखाचा बिल्ला शिवलेले एकमेव कार्ड २०२५ मध्ये ११ लाख डॉलरच्या पुढे गेले, तेव्हा तो मोठ्या लीगमध्ये एकच हंगाम खेळलेला होता. खेळाडूचा खांदा दुखावला की अशा कार्डाचे काय होते, याचा विचार घेणाऱ्याने करायचा.

छपाईच्या चुकाही किंमत वाढवतात, पण त्या लोकांच्या लक्षात राहिल्या तरच. १९८९ च्या फ्लीअरमध्ये बिली रिपकनच्या कार्डावर त्याच्या बॅटच्या मुठीवर लिहिलेली शिवी तशीच छापली गेली. कंपनीने ती झाकण्यासाठी कधी पांढरा रंग लावला, कधी काळा चौकोन, आणि आता या प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे संग्राहक आहेत. हिंदूकॉलनीकर, आपल्याकडच्या फ्लीअरच्या गठ्ठ्यात ते पाहा. किंमत फार नाही, पण आपल्या मामांना ते नक्की माहीत असणार.

वडाळ्याचा छापखाना

भावाचे मला कळत नाही, पण ‘रबरबँडने बांधलेली’ हे वाचल्यापासून चैन नाही. मुंबईच्या हवेत रबरबँड दहा-बारा वर्षांत चिकट होतो, मग सुकून काचेसारखा तडकतो, आणि गठ्ठ्याच्या वरच्या-खालच्या कार्डावर तपकिरी पट्टा सोडतो. तो ओढून काढू नका. कोरड्या ब्रशने सुटेल तेवढाच सोडवा, बाकी राहू द्या. कार्डांच्या मागे गुलाबी-तपकिरी चौकोनी डाग दिसले तर ते गमचे आहेत, टॉप्सच्या पुडीत १९९१ पर्यंत गमची पट्टी असे. ते पुसायला पाणी लावू नका, कागदाचा थर सुटतो.

पुढच्या पावसाळ्याआधी कार्डे पत्र्याच्या डब्यातून काढा. पत्र्यावर आतून दव धरते. वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत घाला, पिशवी पीव्हीसीची नको, आणि प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. जेलच्या पुड्या जुलै आणि सप्टेंबरमध्ये बदला. बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका, दादरच्या जुन्या इमारतींत त्या भिंतीला ओल येतेच. कसर लागली तर ती कागद खाते, त्यामुळे अधूनमधून कार्डांच्या दोन्ही बाजू पाहत जा.

हिंदूकॉलनीकर

रिपकन सापडला, काळ्या चौकोनाचा. मामांनी तो गठ्ठ्यातून वेगळा काढून एका लिफाफ्यात ठेवला होता आणि लिफाफ्यावर मराठीत ‘पोरांना दाखवू नये’ असे लिहिले होते. याशिवाय टॉप्सच्या संचाच्या यादीची जी कार्डे असतात, ज्यांवर मिळालेल्या नंबरापुढच्या चौकोनात खूण करायची सोय असते, तीही मिळाली. मामांनी सगळ्या खुणा पेन्सिलने, एकसारख्या, रेघेच्या आत केल्या आहेत. खूण न केलेल्या याद्यांना अधिक मागणी असते असे वाचले. १९८७ च्या ७९२ पैकी त्यांच्याकडे २६१ होती आणि बाँड्सच्या नंबरापुढे दोन खुणा आहेत, म्हणजे दुसरी प्रत कोठेतरी असली पाहिजे. आजपासून उरलेला माळा काढतो आहे.